गेमिंग संगणकासाठी यूपीएसची निवड : हिशेब वॉटचा, मोल मिनिटांचे

वीज खंडित झाली की पंखा मंदावत थांबतो, दिवा विझतो; आणि वीज परतली की दोन्ही पूर्ववत सुरू होतात. संगणकाचे तसे नाही. त्याच्या स्मृतीत त्या क्षणी जे मांडलेले असते ते वीज जाताच पुसले जाते आणि डिस्कवर जे लिहिले जात असते ते अर्धवट राहण्याचा धोका असतो. बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या प्रत्येकाला याची जाणीव आहे. म्हणूनच शाखेतील संगणकांच्या, सर्व्हरच्या आणि एटीएमच्या पाठीशी अखंडित वीजपुरवठा करणारी यंत्रणा, अर्थात यूपीएस, निमूटपणे उभी असते. ग्राहकाचा व्यवहार नोंदवला जात असताना वीज गेली तरी नोंद अपुरी राहू नये, हे तिचे काम.

हीच गरज आता अनेक घरांत निर्माण झाली आहे. त्याचे कारण म्हणजे गेमिंग संगणक. संगणकावरील खेळ हा केवळ पोरखेळ राहिलेला नाही. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सचे प्रात्यक्षिक झाले आणि २०२३ साली हांगझोऊ येथील स्पर्धांत तो पदकांसाठीचा क्रीडाप्रकार ठरला. शिवाय ज्या संगणकावर खेळ चालतो त्याच संगणकावर मुलीचा महाविद्यालयीन प्रकल्प, मुलाचे ॲनिमेशनचे काम, वडिलांची प्राप्तिकराची कागदपत्रे आणि कुटुंबाची छायाचित्रेही असतात. अशा संचाची किंमत लाखाच्या घरात सहज जाते. निवड बहुधा मुलांची असते, देयक मात्र पालकांचे. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते आणि अखेरीस उरलेल्या पैशांत ‘एक यूपीएसही द्या’ असे दुकानदाराला सांगितले जाते. दुकानदारही सर्वाधिक खपाचा, साधारणतः ६०० व्हीएचा यूपीएस काढून देतो. काही दिवसांनी खेळ ऐन रंगात असताना वीज जाते, यूपीएस एकदा कर्कश ओरडतो आणि संगणकासह बंद पडतो. यंत्र सदोष आहे असा ग्रह होतो. वास्तविक पुष्कळदा यंत्र सदोष नसते, निवड चुकलेली असते. ती कशी चुकते आणि कशी साधावी, हे समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यूपीएसचे खरे काम

‘आमच्या शहरात वीज जातच नाही, मग हा खर्च कशासाठी?’ असा प्रश्न महानगरांतील वाचक विचारतील. मुंबईबद्दल असेच म्हटले जात असे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा कोलमडला आणि उपनगरी गाड्यादेखील थांबल्या. ३० व ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी तर प्रथम उत्तरेकडील आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील वीजजाळे बंद पडले होते. अर्थात असे मोठे प्रसंग विरळा. नित्याचा त्रास वेगळाच असतो. वळवाच्या पावसात तारेवर फांदी पडते, शेजारच्या कारखान्यात मोठी मोटार सुरू होते, रोहित्र बदलले जाते. आणि वीज क्षणभर जाऊन परत येते किंवा तिचा दाब एकदम घसरतो. माणसाला दिवा केवळ लुकलुकल्यासारखा वाटतो, संगणकाला मात्र तेवढ्यात पुन्हा सुरू व्हावे लागते.

या क्षणिक खंडांपासून यूपीएस संपूर्ण संरक्षण देतो. दीर्घकाळ वीज गेल्यास मात्र त्याचे काम निराळे आहे. सायंकाळी शाखेची वेळ संपल्यावर आपण कामकाज जसेच्या तसे टाकून जात नाही. रोकड जुळवतो, नोंदी पूर्ण करतो आणि मगच कुलूप लावतो. यूपीएस संगणकाला ही ‘दिवसअखेर’ करण्यापुरती मिनिटे देतो. खेळ जतन करणे, त्यातून बाहेर पडणे, संगणक रीतसर बंद करणे यांसाठी पाच ते दहा मिनिटे पुरतात. तासन् तास खेळत राहण्याची अपेक्षा बाळगून यूपीएस घेतल्यास निराशाच पदरी येते. आणि ही अपेक्षा सोडली की निवडीचे निम्मे काम सोपे होते.

काही मिलिसेकंदांचा प्रश्न

आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारितेची असते. म्हणजे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. संगणकातील एसएमपीएस या विजेचे रूपांतर कमी दाबाच्या एकदिश विजेत करतो. त्यातील संधारित्रात थोडी ऊर्जा साठवलेली असते. पूर्ण भार असताना मुख्य वीज गेली तर चांगला एसएमपीएस या साठ्यावर साधारणतः १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्या अवधीत यूपीएसने बॅटरीवरील वीज पुरवण्यास सुरुवात केली पाहिजे. बाजारातील सर्वसाधारण यूपीएसना यासाठी ४ ते १० मिलिसेकंद लागतात. कागदावर हे पुरेसे आहे.

परंतु येथेच कार्यालयीन संगणक आणि गेमिंग संगणक यांतील फरक स्पष्ट होतो. कार्यालयीन संगणक आपल्या एसएमपीएसच्या क्षमतेच्या अल्प अंशावर चालतो. त्यामुळे संधारित्रातील साठा त्याला अधिक वेळ पुरतो. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही भरात असतात, साठा झपाट्याने आटतो आणि त्याच क्षणी यूपीएसवर संपूर्ण भार एकदम येऊन आदळतो. जुन्या संगणकावर चार वर्षे उत्तम चाललेला यूपीएस नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी का माघार घेतो, याचे उत्तर यात आहे.

व्हीए आणि वॉट : मंजूर मर्यादा आणि आहरण क्षमता

यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा छापलेला असतो तो व्हीएचा, म्हणजे व्होल्ट-अँपिअरचा. ग्राहक त्यालाच यंत्राची शक्ती समजतो. प्रत्यक्षात उपयोगी पडणारा आकडा वॉटचा असतो आणि तो बारीक अक्षरांत मागील बाजूस आढळतो. ६०० व्हीएच्या पुष्कळ यूपीएसची वॉट-क्षमता केवळ ३६० असते, तर १००० व्हीएच्या अनेक यूपीएसची ६००.

कॅश क्रेडिट खात्याचे उदाहरण बँकेशी संबंधित वाचकांना परिचित आहे. खात्याची मंजूर मर्यादा एक असते आणि तारण मालाच्या मूल्यावरून ठरणारी आहरण क्षमता दुसरी. मंजूर मर्यादा दहा लाखांची असली तरी आहरण क्षमता सहा लाखांची असेल तर ग्राहकाला सहा लाखच काढता येतात. दोहोंपैकी जी कमी ती लागू होते. यूपीएसचेही तसेच आहे. व्हीए आणि वॉट या दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात. आधुनिक गेमिंग संगणकाच्या एसएमपीएसमध्ये शक्तिगुणक सुधारण्याची सोय असते; त्याचा शक्तिगुणक एकच्या अगदी जवळ, म्हणजे ०.९५ किंवा अधिक असतो. साहजिकच त्याच्या बाबतीत वॉट आणि व्हीए जवळपास सारखेच येतात आणि वॉटची मर्यादा आधी गाठली जाते. यास्तव ‘किती व्हीएचा?’ या प्रश्नाऐवजी ‘किती वॉटचा?’ असा प्रश्न दुकानात विचारावा. ज्या यूपीएसवर वॉटचा आकडाच छापलेला नाही, तो घेऊ नये.

भाराचे गणित

आपल्या संगणकाला किती वॉट लागतात हे काढणे कठीण नाही. प्रथम एक गैरसमज दूर करू. एसएमपीएसवर ‘६५० वॉट’ असे लिहिलेले असते ती त्याची कमाल देण्याची क्षमता होय. संगणक नेहमी तेवढी वीज ओढतो असे नाही. खरा भार घटकांच्या बेरजेवरून काढावा.

मध्यम प्रतीच्या एका संचाचे उदाहरण घेऊ :

ग्राफिक्स कार्ड (जीफोर्स आरटीएक्स ४०६०) : ११५ वॉट
प्रोसेसर (रायझन ५ ७६००, पूर्ण भारावर) : ८८ वॉट
मदरबोर्ड, स्मृती, डिस्क, पंखे (अंदाजे) : ५० वॉट
एकूण : २५३ वॉट

एसएमपीएस स्वतः काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतो. त्याची कार्यक्षमता ८७ टक्के धरल्यास भिंतीतील सॉकेटमधून सुमारे २९० वॉट ओढले जातील. त्यात मॉनिटरचे ३० आणि इंटरनेट राउटरचे १० मिळवले की बेरीज ३३० वॉट होते. यावर किमान २५ टक्के राखीव ठेवावी. म्हणजे यूपीएस ४१२ वॉटांहून अधिक क्षमतेचा हवा.

आता दुकानातील ६०० व्हीए, ३६० वॉटचा यूपीएस पाहा. ३३० हा आकडा ३६० च्या आत बसतो खरा, परंतु राखीव म्हणून काहीच उरत नाही. १००० व्हीए, ६०० वॉटचा यूपीएस मात्र निम्म्याहून किंचित अधिक भारावर निर्धास्त चालेल.

राखीव ठेवण्यामागे तीन कारणे आहेत. आधुनिक ग्राफिक्स कार्ड अत्यल्प काळ आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेहून बरीच अधिक वीज ओढते. याची दखल घेऊनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भारही सोसावा अशी अट घालण्यात आली. या उसळ्यांचा बराच भाग एसएमपीएस पचवतो, तथापि काही अंश यूपीएसपर्यंत पोहोचतो. दुसरे कारण असे की बॅटरी जुनी होत जाते तशी तिची भार उचलण्याची ताकद घटते. तिसरे कारण व्यवहारातील आहे. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलले जाते, यूपीएस मात्र तोच राहतो.

उच्च प्रतीच्या संचाचे गणित फारच निराळे येते. जीफोर्स आरटीएक्स ५०९० हे कार्ड एकटेच ५७५ वॉटचे आहे. त्याला कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची जोड दिली तर प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॉट होते. इतर घटक, एसएमपीएसमधील घट आणि मॉनिटर धरून बेरीज १००० वॉटांपलीकडे जाते आणि राखीव मिळवून सुमारे १३५० वॉटची गरज निघते. अशा संचाला २ केव्हीए गटातील यूपीएसच लागेल. शिवाय ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॉट घेता येतात हे ध्यानात घेऊन त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा.

ज्यांना बेरजेवर विसंबायचे नसेल त्यांनी सॉकेटमध्ये बसवायचा वीजमापक आणावा, सर्वांत जड खेळ अर्धा तास चालवावा आणि दिसणारा कमाल आकडा टिपून घ्यावा. यासारखा पक्का पुरावा दुसरा नाही.

तीन प्रकार आणि तरंगाचा आकार

यूपीएसचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला ऑफलाइन. वीज असताना ती जशी येते तशी पुढे पाठवायची आणि गेली की बॅटरीवर जायचे, एवढेच हा करतो. दुसरा लाइन-इंटरॅक्टिव्ह. यात दाब कमी-अधिक झाल्यास बॅटरी न वापरता तो सावरून घेण्याची सोय असते. अशा अनेक संचांवर १४० ते ३०० व्होल्टांच्या आसपासचा पल्ला छापलेला आढळतो. जेथे दिवसभरात दाब वारंवार वरखाली होतो, त्या ग्रामीण व निमशहरी भागांत ही सोय मोलाची ठरते. अन्यथा यूपीएस सतत बॅटरीवर जाऊन ती अकाली झिजते. तिसरा प्रकार ऑनलाइन. यात येणारी वीज प्रथम एकदिश केली जाते आणि तिच्यापासून पुन्हा शुद्ध प्रत्यावर्ती वीज तयार केली जाते. संगणक कायम या तयार केलेल्या विजेवरच चालत असल्याने बदलाला लागणारा वेळ शून्य असतो. शाखांमधील सर्व्हरसाठी हाच प्रकार वापरतात. तथापि तो महाग असतो, त्याचा पंखा सतत आवाज करतो आणि दुहेरी रूपांतरात थोडी वीज कायमच खर्ची पडते. शयनगृहातच संगणक असेल तर या आवाजाचा विचार अवश्य करावा.

बहुसंख्य गेमिंग संगणकांना लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकार पुरेसा आहे. मात्र एक बाब पाहावी लागते, ती बॅटरीवर असताना मिळणाऱ्या विजेच्या तरंगाची. मुख्य विजेचा तरंग मऊ, वळणदार असतो. त्याला साइन तरंग म्हणतात. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्या-पायऱ्यांचा, चौकोनी वळणाचा तरंग देतात. दिवा किंवा जुना संगणक त्यावर चालून जातो. शक्तिगुणक सुधारणाऱ्या एसएमपीएसपैकी काही मात्र या तरंगावर गुरगुरतात, जादा प्रवाह ओढतात किंवा थेट बंद पडतात. काही संच त्यावरही व्यवस्थित चालतात. पण आपला संच कोणत्या गटातला, हे ऐन वेळी कळण्यात शहाणपण नाही. महागड्या संचासाठी ‘प्युअर साइन वेव्ह’ असे स्पष्ट लिहिलेलाच यूपीएस घ्यावा. बजेट आखडते असेल तर दुकानदाराकडून आपल्याच संगणकावर चाचणी करून घेण्याचा आग्रह धरावा.

बॅटरीतील शिल्लक

वॉट आणि बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एटीएममधून एका वेळी किती रक्कम काढता येईल याला एक मर्यादा असते आणि खात्यात शिल्लक किती हा वेगळा प्रश्न असतो. वॉट ही काढण्याची मर्यादा, तर बॅटरीतील वॉट-तास ही शिल्लक.

लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. ३३० वॉटच्या भाराला ही शिल्लक पंधरा मिनिटे पुरावी, असे साधे गणित सांगते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ७ अँपिअर-तास हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर, म्हणजे ०.३५ अँपिअर दराने, लागू पडतो. आपला संगणक तिच्यातून ३० अँपिअरहून अधिक प्रवाह, म्हणजे जवळजवळ शंभरपट दराने ओढतो. शिसे-आम्ल बॅटरीला अशी घाई मानवत नाही. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कमी मिळते. त्याचप्रमाणे ऊर्जा घाईने काढली तर ती एकूणच कमी हाती लागते. परिणामी नवी बॅटरीदेखील अशा भारावर चार-पाच मिनिटांपलीकडे क्वचितच जाते. दोन बॅटऱ्या असलेला १००० व्हीएचा यूपीएस त्याच भाराला दहा मिनिटांच्या आसपास सांभाळतो.

यातून एक उपयुक्त सवय निघते. वीज जाताच सर्वप्रथम खेळ जतन करून त्यातून बाहेर पडावे. खेळ बंद होताच संगणकाचा भार एक तृतीयांशाहूनही खाली येतो आणि उरलेल्या मिनिटांची संख्या कैक पटींनी वाढते. पुढची आवराआवर मग शांतपणे करता येते.

घरातील इन्व्हर्टर चालेल का?

महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आजही ते अनेक घरांत आहेत. त्यांची बॅटरी बहुधा १५० अँपिअर-तासांची, म्हणजे लहान यूपीएसच्या वीसपट मोठी असते. आपल्या उदाहरणातील ३३० वॉटचा भार ती नवी असताना तीन तासांच्या आसपास उचलू शकते. मग स्वतंत्र यूपीएस कशाला?

याचे उत्तर तीन अटींवर अवलंबून आहे. इन्व्हर्टर साइन तरंगाचा असावा. त्यावर ‘यूपीएस’ असा पर्याय असावा आणि तो निवडलेला असावा. साध्या पर्यायात वीज बदलण्यास २० ते ४० मिलिसेकंद लागू शकतात आणि तेवढ्यात संगणक बंद होतो. तिसरी अट अशी की पंखे, दिवे, दूरचित्रवाणी आणि संगणक यांचा एकत्रित भार इन्व्हर्टरच्या वॉट-मर्यादेत बसला पाहिजे.

दोहोंची सांगड घालणे हा उत्तम मार्ग होय. इन्व्हर्टरच्या जोडणीवरील सॉकेटला पुरेशा वॉटचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावला तर बदलाचे काही मिलिसेकंद यूपीएस सांभाळतो आणि पुढचे तास इन्व्हर्टर. मात्र इन्व्हर्टर चौकोनी तरंगाचा असेल तर यूपीएस त्याची वीज मुख्य वीज म्हणून स्वीकारत नाही आणि आपली छोटी बॅटरी संपवून बसतो.

काय जोडावे, कोठे जोडावे

यूपीएसला संगणक आणि मॉनिटर दोन्ही जोडावेत. पडदा काळा झाला तर संगणक चालू असूनही तो रीतसर बंद करता येत नाही. इंटरनेटचा राउटर आणि फायबरचे यंत्र यांचा भार नगण्य असतो. तेही जोडावेत किंवा त्यांच्यासाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. ऑनलाइन सामन्यात राउटर बंद पडणे आणि संगणक बंद पडणे यांचा परिणाम एकच, खेळाडू मैदानाबाहेर. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही जोडू नये. तो तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो.

अर्थिंग हा सर्वाधिक दुर्लक्षित विषय होय. तीन पिनांपैकी मोठी पिन केवळ शोभेची नाही. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे, असे समजून प्रथम परवानाधारक वीजतंत्रज्ञाला बोलवावे. न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब साधारणतः ३ व्होल्टांहून कमी असावा, असा संगणक-जोडणीतील प्रघात आहे. तो मोजून घेण्यास पाच मिनिटे लागतात. अर्थिंगवाचून कितीही भारी यूपीएस घेतला तरी त्यातील संरक्षण अपुरेच राहते. विजांचा कडकडाट होत असेल तर संगणक बंद करून प्लग काढून ठेवणे, हाच सर्वांत खात्रीचा उपाय.

खरेदीच्या वेळी

पुढील बाबी दुकानातच पडताळाव्यात.

१. वॉट-क्षमता आपल्या भारापेक्षा किमान २५ टक्के अधिक आहे काय?

२. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे काय? १० केव्हीएपर्यंतच्या यूपीएसना आयएस १६२४२ या मानकानुसार नोंदणी अनिवार्य आहे. यंत्रावरील ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो.

३. यूएसबी जोडणी आहे काय? ती असल्यास घरात कोणी नसतानाही, बॅटरी संपत आली की संगणक आपोआप रीतसर बंद होतो.

४. बॅटरी सहज मिळणारी आणि बदलता येणारी आहे काय? यंत्राची हमी आणि बॅटरीची हमी यांचा अवधी पुष्कळदा वेगळा असतो. दोन्ही लेखी घ्यावेत.

५. पक्की पावती घेतली काय? हमीसाठीच नव्हे, तर घरगुती विमा पॉलिसीत विद्युत उपकरणांचा समावेश असेल तर दाव्यासाठीही ती लागते. पॉलिसीतील अटी मात्र आधीच वाचून ठेवाव्यात.

निगा

पहिल्या वापरापूर्वी यूपीएस सहा ते आठ तास चार्ज करावा. तो बंद कपाटात, पलंगाखाली किंवा खिडकीतील उन्हात ठेवू नये. शिसे-आम्ल बॅटरीला २५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. त्यावर दर दहा अंशांनी तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. त्यामुळे नागपूर, जळगावसारख्या गावी उन्हाळ्यात हवेशीर जागेचे महत्त्व अधिक.

महिन्यातून एकदा, महत्त्वाचे काम चालू नसताना, भिंतीवरील बटण बंद करून यूपीएस किती मिनिटे टिकतो ते पाहावे. यासाठी प्लग उपसू नये. प्लग उपसला की अर्थिंगही तुटते, बटण बंद केल्यास ते कायम राहते. मिनिटांची नोंद एखाद्या वहीत ठेवावी. नव्या अवस्थेतील आकड्याच्या निम्म्यावर नोंद आली की बॅटरी बदलण्याची वेळ झाली. आपल्या हवामानात ही वेळ बहुधा दोन ते तीन वर्षांत येते. बॅटरी फुगलेली दिसल्यास वाट न पाहता तत्काळ बदलावी. शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी परस्पर लिथियम बॅटरी बसवू नये; दोहोंची चार्जिंगची पद्धत भिन्न असते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि बॅटरीतील शिसे माती-पाण्यात मिसळणे सर्वांनाच घातक आहे.

समारोप

तात्पर्य, यूपीएसची निवड हा अंदाजाचा नव्हे तर हिशेबाचा विषय आहे. आपला भार वॉटमध्ये काढावा, त्यावर राखीव ठेवावी, तरंग साइन आहे याची खात्री करावी आणि बॅटरीकडून तासांची नव्हे, मिनिटांची अपेक्षा धरावी. संगणकाचे अंदाजपत्रक आखतानाच या यंत्रासाठी आणि दोन-तीन वर्षांनी लागणाऱ्या बॅटरीसाठी वेगळी तरतूद करावी. लहानशी आवर्ती ठेव त्यास पुरेशी आहे. ग्राफिक्स कार्ड बिघडले तर पैसे देऊन नवे आणता येते. अर्धवट पुसला गेलेला प्रकल्प किंवा हरवलेली छायाचित्रे मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणण्याऐवजी, येत्या पावसाळ्यापूर्वीच आपल्या यूपीएसच्या पाठीमागील बारीक अक्षरे एकदा वाचून पाहावीत आणि आपल्या संगणकाच्या भाराशी ताडून घ्यावीत.